लढाई संपल्यानंतरची दिवाळी

इतिहासाच्या क्रमिक पुस्तकात लढाई संपल्याची तारीख ठळक अक्षरांत छापलेली असते आणि मुलांकडून ती घोकून घेणे फारसे अवघड नसते. दुसरे महायुद्ध कधी संपले? १५ ऑगस्ट १९४५ रोजी जपानने शरणागती जाहीर केली आणि २ सप्टेंबरला टोकियोच्या उपसागरात तीवर सह्या झाल्या. उत्तर बरोबर, गुण पूर्ण. परंतु हाच प्रश्न त्या दिवसांत वैरागच्या एखाद्या शिपायाच्या आईला विचारला असता, तर तिने निराळे उत्तर दिले असते. पोरगा उंबऱ्यात पाऊल ठेवील, त्या दिवशी तिची लढाई संपायची. या दोन तारखांमध्ये जे अंतर पडले, त्यात किती घरांचे काय झाले, हा मजकूर क्रमिक पुस्तकात सापडत नाही.

हे काही पहिल्यांदाच घडले नव्हते. पहिल्या महायुद्धाला आपल्याकडची जुनी माणसे ‘लाम’ म्हणत. त्या लामात मराठा पलटणी इराकात लढल्या. कूतच्या वेढ्यात अर्धपोटी राहिल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी कैद झाल्या. तुर्कांशी युद्धतहकुबी झाली ३० ऑक्टोबर १९१८ रोजी. तरी कितीतरी हिंदी पलटणी इराकातच राहिल्या आणि १९२० मध्ये तिथे बंड उठले, तेव्हा ते मोडायला हिंदी शिपाईच पुढे झाले. युद्ध जिंकणे एका कामाचे, जिंकलेला मुलूख राखणे दुसऱ्या कामाचे. आणि दोन्ही कामांना माणूस एकच, असा साम्राज्याचा हिशेब होता.

१९४५ साली हाच हिशेब पुन्हा मांडला गेला. हिंदी फौज तेव्हा सुमारे २५ लाखांची झाली होती आणि हे सारे लोक आपणहून भरती झालेले होते. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या यशवंत घाडगे यांना इटलीत १९४४ साली मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नामदेव जाधव यांनी तो सेनियो नदीकाठी एप्रिल १९४५ मध्ये मिळवला. पराक्रमाची बाकी अशी चोख फेडलेली होती. आता प्रत्येकाचे लक्ष एकाच कागदाकडे होते. फौजेतून नाव कमी झाल्याचा तो कागद हाती आला, की गडी मोकळा.

कागद लवकर मिळत नव्हता. जहाजे थोडी, माणसे फार. गोऱ्या सैनिकांनाही विलायतेला जायचे होते आणि जपान्यांच्या कैदेतून सुटलेल्यांना आधी हलवायचे होते. इथवरची अडचण कोणाही समजूतदार माणसाला पटण्यासारखी होती. न पटण्यासारखी गोष्ट पुढेच आहे.

जावा बेट हे डचांचे. जपानने ते १९४२ मध्ये घेतले. जपान पडताच दोनच दिवसांत, १७ ऑगस्ट १९४५ रोजी, सुकार्नो आणि हट्टा यांनी इंडोनेशिया स्वतंत्र झाल्याचे जाहीर केले. डचांजवळ तिथे पाठवायला पुरेसे सैन्य नव्हते. त्यामुळे जपान्यांची हत्यारे काढून घेणे आणि कैदी सोडवणे हे काम माउंटबॅटनसाहेबांच्या हुकमतीखाली इंग्रजांकडे आले, आणि इंग्रजांनी ते हिंदी पलटणींवर सोपवले. इंफाळच्या लढाईतून निघालेली २३वी हिंदी डिव्हिजन अशी जावात उतरली. तिची ४९वी ब्रिगेड २५ ऑक्टोबरला सुराबाया बंदरात आली. तीत मराठा लाइट इन्फंट्रीची सहावी पलटण होती.

कामाचा पहिला भाग पुण्याचा होता. बायकामुलांनी भरलेल्या छावण्या सोडवायच्या होत्या. परंतु २७ तारखेला विमानातून पत्रके पडली: ४८ तासांत हत्यारे खाली ठेवा. ज्यांनी नुकतेच स्वातंत्र्य पुकारले होते, त्यांना हा डचांच्या पुनरागमनाचा डंका वाटला. २८ ऑक्टोबरला सारे शहर उठले. ब्रिगेडच्या लहान लहान तुकड्या शहरभर विखुरलेल्या. त्यांना एकमेकींची मदत मिळेना. तहाची बोलणी करायला खुद्द सुकार्नोंना आणावे लागले. ३० तारखेला ब्रिगेडियर मॅलबी तहकुबी सांगत फिरत असता, एका चौकात त्यांच्या मोटारीतच मारले गेले. त्या चौकातल्या इमारतीत वेढली गेलेली तुकडी मराठ्यांची होती.

मग पाचवी हिंदी डिव्हिजन आली आणि १० नोव्हेंबरला तोफा, जहाजे आणि विमाने यांच्यासह शहरावर चढाई सुरू झाली. ती लढाई सुमारे तीन आठवडे चालली.

आता पंचांग उघडून पाहावे. त्या वर्षीचे लक्ष्मीपूजन ४ नोव्हेंबरला होते. मॅलबी पडले त्यानंतर पाचव्या दिवशी आणि तोफा सुटल्या त्याच्या सहा दिवस आधी. इकडे माळवदावर पणत्या लागत होत्या. लढाई संपली म्हणून घरचे निर्धास्त होते. तिकडे त्यांचा माणूस, ज्या लोकांनी आपल्यासारखेच स्वराज्य मागितले, त्यांच्यावर बंदूक रोखून बसला होता. इंडोनेशियाचे लोक हिंदी शिपायांना पत्रकांतून हेच विचारीत: तुम्ही कोणासाठी लढता? काही शिपाई त्या बाजूला गेलेही. बहुतेक आपल्या जागी उभे राहिले. त्यांना दोष देणे आज सोपे आहे. परंतु घरी जाण्याचा कागद ज्याच्या हातात, त्याचाच हुकूम मानणे त्यांना भाग होते.

या प्रश्नाचे उत्तर देशाने दिले. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेचा खटला उभा राहिला. इंडोनेशियात हिंदी सैन्य वापरण्याचा नेहरूंनी निषेध केला. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’वरच्या नाविकांनी संप पुकारला, तेव्हा त्यांच्या मागण्यांत चांगले अन्न होते, लवकर सुटका होती, आणि इंडोनेशियातून हिंदी सैन्य परत आणा हीही मागणी होती. इंग्रजांचे सैन्य तिथून पुरते निघाले ते नोव्हेंबर १९४६च्या अखेरीस. तोवर आणखी एक दिवाळी गेली होती.

सुटलेल्या मराठा शिपायाची वाट बेळगावच्या पलटणीच्या ठाण्यावरून निघे. वैरागकडच्या माणसाला तिथून मिरज, आणि मिरजेला बार्शी लाइटची छोटी गाडी. ती गाडी पंढरपुरावरून कुर्डुवाडीला आणि पुढे बार्शीला जाई. बार्शीपासून वैराग सहा-सात कोस. म्हणजे घरच्या उंबऱ्याआधी विठोबाचे गाव लागे. कळस दिसताच गाडीतून हात जोडताना माणसाच्या मनात काय येत असेल, ते लिहायला इतिहासकाराजवळ कागदपत्र नसते.

इंडोनेशियात १० नोव्हेंबर हा वीरांचा दिवस म्हणून पाळतात. त्यांनी आपल्या मेलेल्यांची आठवण ठेवली, हे योग्यच झाले. आपल्या बाजूला काय आहे? युद्धात पडलेल्यांच्या कबरी आणि स्मारके राखणारी राष्ट्रकुलाची संस्था दुसऱ्या महायुद्धातले मृत्यू ३१ डिसेंबर १९४७पर्यंत मोजते. लढाई १९४५ साली संपली नाही, ही कबुली त्या एका तारखेत आहे.

दिवाळीच्या साफसफाईत पुष्कळ घरांत आजोबा-पणजोबांची लोखंडी ट्रंक उघडली जाते. तळाशी पदके असतात, आणि घडी पडलेला एखादा कागद. पदकांकडे सगळेच पाहतात. यंदा तो कागद उलगडून त्यावरची तारीख वाचावी. ती १९४६ची किंवा १९४७ची निघाली, तर आपल्या घरातली लढाई नेमकी कधी संपली, हे मुलांना त्या तारखेवरून सांगावे.