डोर्ल्याचं देवगांडूळ

परभणीच्या शेतात वाढलेल्या कुणालाही तीन लांबट जीव माहीत असतात. पहिला गांडूळ. दुसरा वाळा. हा खरा साप, पण सुतळीएवढा बारीक, आणि पावसाळ्यात न्हाणीच्या मोरीतून वर आला की सगळं घर त्याला गांडूळच समजतं. तिसरा मांडूळ. त्याची शेपटी तोंडासारखी बोथट असते, म्हणून तो 'दुतोंड्या' ठरतो. मग गुप्तधनाच्या नादाला लागलेली माणसं त्याच्यासाठी लाखोंच्या गोष्टी करतात आणि शेवटी पोलीस ठाण्यात पोचतात.

चौथा जीव परभणीत सापडत नाही. त्याला भेटायचं तर पश्चिमेला सह्याद्री गाठावा लागतो. तो दिसतो मोठ्या गांडुळासारखा आणि माणसं त्याला मारतात साप समजून. प्रत्यक्षात तो बेडकाचा नातेवाईक आहे. त्याला पाठीचा कणा आहे, जबडा आहे, जबड्यात बारीक टोकदार दात आहेत, पण एकही पाय नाही. मराठीत त्याला देवगांडूळ म्हणतात. जगात त्याच्या दोनशेहून जास्त जाती माहीत आहेत, भारतात चाळीसच्या आसपास.

हा कोण आहे, हे कळायला माणसाला बराच वेळ लागला. त्या शोधाचा एक महत्त्वाचा टप्पा रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले नावाच्या गावाशी जोडलेला आहे.

सापांच्या यादीतला बेडूक

१७५८ साली स्वीडनच्या कार्ल लिनिअसने प्राण्यांची आपली प्रसिद्ध यादी दहाव्यांदा सुधारून छापली. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा हिशेब आजही या आवृत्तीपासून सुरू होतो. त्यात त्याने देवगांडुळांना 'सिसिलिया' हे नाव दिलं. त्यामागचा लॅटिन शब्द आंधळेपणाचा आहे. आणि पाय नाहीत, अंग लांब आहे, म्हणून त्यांना सापांच्या गणात बसवलं.

लिनिअसला हसण्यात अर्थ नाही. त्याच्यासमोर जतन केलेले मेलेले नमुने होते, आणि मेलेल्या प्राण्याचा आकारच तेवढा दिसतो. पुढे १८११ मध्ये ओपेल नावाच्या जर्मन अभ्यासकाने त्यांची खवल्यांच्या कवचाऐवजी नुसती ओलसर असलेली कातडी पाहून त्यांना बेडकांच्या बाजूला आणलं. पण कातडीवरून केलेला दावा सगळ्यांना पटेना.

पक्का पुरावा मिळाला १८३१ मध्ये, आणि तोही एका पिल्लाकडून. योहानेस म्युलर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने हॉलंडमधल्या लायडनच्या संग्रहालयात देवगांडुळाचं एक लहान पिल्लू तपासलं. त्याच्या मानेवर कल्ल्यांची छिद्रं होती. सापाचं पिल्लू अंड्यातून निघतं ते फुप्फुसाने श्वास घेतच, त्याला कल्ले कधीच नसतात. ते असतात माशांना, आणि बेडकाच्या पाण्यातल्या शेपटीवाल्या पिल्लांना. मोठ्या देवगांडुळात ही छिद्रं बुजून जातात, म्हणून तोवर कुणाच्या लक्षात आली नव्हती.

नावं मात्र जुनीच राहिली. भारतात आणि श्रीलंकेत सापडणाऱ्या 'इक्थिओफिस' या प्रजातीच्या ग्रीक नावाचा अर्थ आहे मासा-साप. आपल्या सह्याद्रीतल्या 'जेजेनिओफिस'चा अर्थ मातीत जन्मलेला साप. दोघांपैकी एकही साप नाही.

अंड्यांभोवती वेटोळं

पिल्लाने वंश सांगितला. आईचं वागणं कळायला आणखी पन्नास वर्षं गेली. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरातले पाउल आणि फ्रिट्झ सारासिन हे नात्यातले भाऊ १८८३ ते १८८६ या काळात श्रीलंकेत होते. त्यांनी ओलसर माती खणून इक्थिओफिसची अंडी शोधली. त्या अंड्यांभोवती आई वेटोळं घालून बसलेली होती.

बेडकाचा संसार आपल्याला ठाऊक आहे. पहिल्या पावसात डबक्यात गलका होतो, मादी अंडी पाण्यात सोडते, नर त्यांच्यावर शुक्राणू सोडतो, आणि बहुतेक जातींत दोघं आपापल्या वाटेने जातात. देवगांडुळाचं तसं नाही. सगळ्या ज्ञात जातींत फलन मादीच्या शरीराच्या आत होतं, आणि त्यासाठी नराला खास अवयव असतो. इक्थिओफिसची मादी पाण्याजवळच्या मातीत अंडी घालते आणि ती फुटेपर्यंत राखण करते. अंड्यातल्या गर्भाला पिसासारखे सुंदर बाहेरचे कल्ले असतात, पण अंडं सोडल्यावर ते उरत नाहीत. पिल्लू पाण्यात उतरतं, काही काळ तिथे वाढतं आणि मग कायमचं मातीत शिरतं.

सारासिन भावांचं हे काम १८८७ ते १८९० या वर्षांत छापून आलं. एक 'खालच्या दर्जाचा', आंधळा, मातीतला जीव आईपणात बेडकाच्या कितीतरी पुढे निघाला होता.

पाय कुठे गेले?

पाय नसण्याचं कोडं सुटायला त्याहून जास्त वेळ लागला. १९९३ मध्ये जेन्किन्स आणि वॉल्श या शास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या ॲरिझोनामध्ये सापडलेल्या एका जीवाश्माचं वर्णन प्रसिद्ध केलं. ज्युरासिक काळाच्या सुरुवातीचा, म्हणजे अठरा-एकोणीस कोटी वर्षांपूर्वीचा हा प्राणी. कवटी देवगांडुळासारखी, शरीर लांब, आणि त्याला चार इवलेसे पाय! त्याच्या नावातच 'छोट्या पायांचा' असा अर्थ आहे.

म्हणजे देवगांडुळाच्या पूर्वजांना पाय होते आणि ते हळूहळू गेले. सापांचेही गेले, काही सरड्यांचेही गेले, पण प्रत्येकाचे वेगवेगळे. मातीत घुसणाऱ्याला पाय अडचणीचेच. त्यांच्या जागी देवगांडुळाने भक्कम हाडांची कवटी कमावली, जी डोकं कमी आणि पहार जास्त आहे. त्याच्या कातडीच्या आत बाकीचं शरीर थोडं मोकळं सरकतं. स्नायूंनी आतल्या द्रवावर दाब आणून तो डोकं पुढे रेटतो.

डोळे कातडीखाली, काही जातींत तर हाडाखाली गेले आहेत. पण डोळ्याचा सरंजाम वाया गेला नाही. डोळा आणि नाकपुडी यांच्या मध्ये देवगांडुळाला एक छोटी स्पर्शिका असते. तिने तो मातीतले वास हुंगतो. ही स्पर्शिका आत ओढणारा स्नायू मूळचा डोळ्याचा आहे, आणि तिला ओलावा देणारी ग्रंथीही डोळ्याचीच.

खंडाळा, हुंबरळी, आंबोली, डोर्ले

आता महाराष्ट्रात येऊ. १९६० मध्ये एडवर्ड टेलर या अमेरिकन अभ्यासकाने खंडाळ्याच्या देवगांडुळासाठी नवी प्रजाती स्थापली: 'इंडोटिफ्लस', म्हणजे भारतातला आंधळा. जातीला नाव दिलं ब्रिटिश म्युझियममधल्या बॅटर्सबी यांचं. पुढे या प्रजातीवरून एका अख्ख्या कुळाचं नाव पडलं. आज त्या कुळात सेशेल्स बेटांवरची आणि आफ्रिकेतली देवगांडुळंही मोडतात. वीकेंडला आपण जिथे चिक्की घ्यायला थांबतो, तिथल्या मातीतल्या जीवाचं नाव हिंदी महासागरापलीकडच्या त्याच्या नातेवाइकांच्या कुळालाही दिलं गेलं.

हे नातं का जुळलं? भारत आणि सेशेल्स एकेकाळी एकाच भूखंडाचे भाग होते आणि सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. खारं पाणी देवगांडुळांना सोसत नाही, त्यामुळे समुद्र ओलांडण्यापेक्षा तुटलेल्या जमिनीवर बसून वेगळं होणं त्यांना जास्त शोभतं.

टेलरनंतर चाळीसेक वर्षं इथे फारसं काही घडलं नाही. मग नव्या शतकात एकदम गर्दी झाली. २००३ मध्ये आंबोलीहून एक नवी जात जाहीर झाली. तिला बीएनएचएसचे ज्येष्ठ निसर्गअभ्यासक जे. सी. डॅनियल यांचं नाव मिळालं. २००४ मध्ये कोयनेजवळच्या हुंबरळीहून इंडोटिफ्लसची दुसरी जात आली आणि तिच्या नावात थेट महाराष्ट्र आला. या दोन्ही कामांत वरद गिरी आणि लंडनचे डेव्हिड गॉवर व मार्क विल्किन्सन होते. २००३ मध्येच रविचंद्रन, गॉवर आणि विल्किन्सन यांनी डोर्ल्याच्या देवगांडुळाचं वर्णन केलं: 'जेजेनिओफिस शेषाचारी'.

हे शेषाचार म्हणजे कर्नाटकातले बी. आर. शेषाचार. भारतीय देवगांडुळांच्या पेशींचा आणि प्रजननाचा अभ्यास त्यांनी स्वातंत्र्याच्या आधीच सुरू केला होता. १९४२ मध्ये त्यांनी दक्षिणेतल्या एका जेजेनिओफिसच्या अंड्यांचं आणि गर्भांचं वर्णन छापलं होतं. ही प्रजाती अंडी जमिनीवरच घालते आणि पिल्लू पाण्यात न उतरता थेट छोट्या देवगांडुळाच्या रूपात बाहेर येतं, अशी समजूत पक्की झाली.

२००८ मध्ये डोर्ल्याच्या जातीने ती समजूत मोडली. मादीच्या पोटात अंडी नव्हती, वाढणारी पिल्लं होती. गॉवर, गिरी आणि पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समधले योगेश शौचे व त्यांचे सहकारी यांनी हे प्रसिद्ध केलं. तोवर आशियात पिल्लांना जन्म देणारं एकही देवगांडूळ माहीत नव्हतं. लिनिअसच्या यादीला तेव्हा बरोबर अडीचशे वर्षं झाली होती.

शिडी नव्हे, फांद्या

यात एवढं विशेष काय? शाळेत आपल्या डोक्यात एक शिडी बसते: आधी पाण्यातली अंडी, मग जमिनीवरची अंडी, मग पोटातली पिल्लं. खालचे प्राणी खालच्या पायरीवर, आपण वर.

सह्याद्रीत देवगांडुळांच्या या तिन्ही रीती शेजारी शेजारी नांदतात. इक्थिओफिसची पिल्लं पाण्यात वाढतात. जेजेनिओफिसच्या काही जाती जमिनीवर अंडी घालून तिथेच काम उरकतात. आणि त्याच प्रजातीतली डोर्ल्याची आई पिल्लं पोटात वाढवते. पुण्याच्या प्रयोगशाळेत तपासलेल्या डीएनएने नातेसंबंध दाखवले, तेव्हा स्पष्ट झालं की हा गुण तिला आफ्रिकेतल्या किंवा अमेरिकेतल्या पिल्लं देणाऱ्या देवगांडुळांकडून वारशाने आलेला नाही. तो इथे स्वतंत्रपणे घडला. निसर्गाने हा प्रश्न एकाहून जास्त वेळा, वेगवेगळ्या घरी सोडवला.

कसा सोडवला असेल, याचा एक धागा केनियात मिळाला. तिथल्या तैता टेकड्यांमधल्या एका जातीची आई अंडी घालते. पिल्लं बाहेर आल्यावर तिच्या कातडीचा वरचा थर जाड होतो, त्यात स्निग्धांश भरतो, आणि पिल्लं खास दातांनी तो सोलून खातात. हे २००६ मध्ये जगाला कळलं. पिल्लं देणाऱ्या काही जातींत गर्भाला तशाच प्रकारचे दात असतात आणि तो आईच्या अंडनलिकेचं अस्तर खरवडून पोसला जातो. हे पार्कर यांनी १९५६ मध्येच नोंदवलं होतं. दोन्ही जोडून पाहिलं की वाट दिसते: बाहेर आईला खाण्याचे दात आधी आले असतील, तर त्याच दातांनी आत राहून खाणं फार दूर नाही. २०२४ मध्ये ब्राझीलमधून आणखी एक बातमी आली. तिथल्या एका जातीची आई पिल्लांना दुधासारखा स्निग्ध द्रव पाजते. तिला स्तन नाहीत, द्रव शरीराच्या मागच्या टोकाकडून येतो, आणि पिल्लं त्यासाठी आवाज करून हट्ट करतात.

मधली कोरडी जमीन

मग परभणीत देवगांडूळ का नाही? ते कातडीतूनही श्वास घेतं, म्हणून कातडी ओली राहिलीच पाहिजे. परभणीची काळी माती पावसाळ्यात चिकटते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून सुकते. तशात ते तगणार नाही.

पण २०१३ मध्ये जेजेनिओफिसची एक जात पूर्व घाटात, ओडिशा-आंध्रच्या बाजूला सापडली. एक नातेवाईक सह्याद्रीत, दुसरा पूर्व घाटात, आणि मध्ये अख्खं कोरडं पठार. त्यात मराठवाडाही आला. हा जीव शेकडो किलोमीटर उन्हातून चालत गेलेला नाही. कधीतरी मधल्या जमिनीत त्यांना पुरेसा ओलावा होता, असंच मानावं लागतं. परभणीत देवगांडूळ नसणं हाही या इतिहासातला एक पुरावा आहे.

आज जो ओलावा उरला आहे तो सह्याद्रीच्या कडेला, आणि देवगांडुळं राहतात ती फक्त घनदाट जंगलात नाही. दगडाखाली, कुजलेल्या पाल्यात, पोफळीच्या बागेत, गोठ्यामागच्या शेणखताजवळही ती मिळतात. त्यामुळे त्यांच्यावर पहिला घाव कुदळीचा पडतो, दुसरा साप समजून मारणाऱ्या काठीचा, आणि तिसरा जेसीबीचा, जो प्लॉट पाडताना वरची सगळी माती एका दुपारी उचलून नेतो. भारतातल्या बऱ्याच जाती जागतिक यादीत 'अपुरी माहिती' या रकान्यात पडून आहेत. त्या रकान्यातला जीव संपला तरी त्याची नोंद होत नाही.

कोकणात किंवा घाटावर पावसाळ्यात असा जीव दिसला तर अंगावर खवले दिसतात का पाहा. नसतील, कातडी ओली, गुळगुळीत आणि कड्याकड्यांची असेल, तर काठी खाली ठेवा. तो माणसाला चावायला येत नाही. फोटो काढा, जागा आणि तारीख लिहून ठेवा, आणि त्याच्यावरचा दगड किंवा पाला होता तसा परत ठेवा. खाली अंड्यांभोवती वेटोळं घातलेली आई असू शकते.