चित्राखालचा मजकूर

नोव्हेंबर 2025 च्या सुरुवातीला एका मित्राने चित्रफीत पाठविली. रात्रीचा रस्ता, हाती बाटली घेतलेला एक तर्र इसम वाघाच्या डोक्यावरून मायेने हात फिरवतो आणि त्यालाही दारू देऊ करतो. खाली मजकूर : पेंचचा परिसर, इसम मजूर, वय 52, शिवाय नाव आणि तारीखही. आम्ही पोटभर हसलो आणि ती पुढे धाडली.

लवकरच उलगडा झाला. पेंचमध्ये असे काही घडलेच नव्हते. दृश्य कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले होते.

आम्हांला फसविले ते चित्राने नव्हे, मजकुराने. नुसते चित्र गंमत म्हणून सोडून दिले असते. नाव, वय, तारीख आली की आख्यायिकेला दफ्तरी नोंदीची कळा येते. मेकॉलेच्या नावावर फिरणारा, भारतात भिकारी वा चोर दिसला नाही असे सांगणारा उतारा आठवावा. तो म्हणे ब्रिटिश संसदेत 2 फेब्रुवारी 1835 रोजी उच्चारला गेला. त्या दिवशी मेकॉले कलकत्त्यात होता. तारीख त्याच्या शिक्षणविषयक टिपणाची, अगदी खरी. उतारा मात्र त्या टिपणात नाही. खरी तारीख खोट्या मजकुराला जामीन राहिली, आणि साहित्याच्या प्राध्यापकांनीही (आम्ही त्यांत आलोच) तो भाषणांतून वापरला.

उलट उदाहरण आमच्याच भंडारा जिल्ह्यातले. जानेवारी 2020 मध्ये तुमसर तालुक्यात वाघाने शेतात एका माणसाला गाठले. तो मेल्यासारखा निपचित पडून राहिला. लोकांच्या आरडाओरड्यात वाघ निघून गेला. त्या हल्ल्यात तीन जण जखमी झाले. हे चित्रण देशभर पाहिले गेले. ते खरे होते. पण ठावठिकाणा न सांगता कुणी दाखविले, तर बनावट ठरवायला आम्हीच पुढे सरसावू.

उलगडा होण्यापूर्वी ती पेंचची चित्रफीत आम्ही वर्गात दाखविली होती. पवनीकडच्या जंगलालगतच्या गावाहून येणारी एक विद्यार्थिनी तेवढी हसली नाही. "सर, आमच्याकडे अंधार पडल्यावर कोणी बाहेर निघत नाही," एवढेच म्हणाली. आम्ही ते विनोदबुद्धीचा अभाव म्हणून सोडून दिले, याची आता लाज वाटते.

ज्यांना चित्रफीत धाडली होती, त्या सर्वांना खुलासाही धाडला. बहुतेकांनी उत्तर दिले नाही. एका सहकाऱ्याने मात्र विचारले, "मग तो बावन्न वर्षांचा मजूर कोण?"