नागपुरात घर, कागदावर ‘पाकिस्तानी’: लाँग टर्म व्हिसा म्हणजे काय? नागरिकत्वाला इतकी वर्षं का लागतात?

काटोलहून एसटीत बसलं की 60 किलोमीटरवर नागपूर. या प्रवासासाठी आपण कुणाची परवानगी काढत नाही. पण नागपुरात अशी कुटुंबं आहेत, ज्यांना 2016 पर्यंत नोंदलेलं ठिकाण सोडून काटोलला लग्नाला यायचं तरी आधी परवानगीचा विचार करावा लागायचा.

ही पाकिस्तानातून, मुख्यतः सिंधमधून आलेली हिंदू कुटुंबं. फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांनी नागपुरात जरीपटक्याला बस्तान बसवलं. त्यांचे नातेवाईक पुढेही येत राहिले, फक्त त्यांच्या हातात पाकिस्तानी पासपोर्ट होता. असे लोक लाँग टर्म व्हिसावर (एलटीव्ही) राहतात. मुदत संपत आली की पुन्हा अर्ज, पुन्हा पडताळणी.

एकाच घरात वेगवेगळे नियम

नागरिकत्व कायदा 1955 नुसार, जो स्वतः किंवा ज्याच्या आई-वडिलांपैकी कुणीही एक अखंड भारतात जन्मलं, तो ‘भारतीय वंशाचा’. त्याला 7 वर्षांच्या वास्तव्यानंतर अर्ज करता येतो. म्हणजे 1940 साली सिंधमध्ये जन्मलेले आजोबा यात बसतात, त्यांचा मुलगाही बसतो. नातवाचे आई-वडील दोघंही 1947 नंतर पाकिस्तानात जन्मलेले असतील, तर तो बसत नाही. त्याला मूळ नियमाने 12 वर्षं.

आणि नागपुरातच जन्मलेलं बाळ? 3 डिसेंबर 2004 नंतर जन्मलेल्या मुलाचे आई-वडील दोघंही परदेशी नागरिक असतील, तर ते जन्माने भारतीय ठरत नाही. पाकिस्तान कधी न पाहिलेलं मूल शाळेत परदेशी म्हणून जातं. हे वाचायला विचित्र वाटतं, पण कायदा तसाच आहे.

जुन्या पद्धतीत पाकिस्तानी नागरिकत्व सोडल्याचा दाखलाही लागायचा. तो मिळणार दिल्लीतल्या पाकिस्तान उच्चायोगाकडून. ज्या देशातून निघून आलो, त्याच्याच दारात रांग.

सरकारने काय केलं?

2016 मध्ये एलटीव्हीधारकांना बँक खातं, पॅन, आधार, राहण्यापुरतं घर घेणं आणि राज्यात मोकळेपणानं फिरणं, अशा सवलती मिळाल्या. त्याच डिसेंबरमध्ये देशातल्या 16 जिल्हाधिकाऱ्यांना नागरिकत्व देण्याचे अधिकार मिळाले. त्यात नागपूर होतं.

मग 2019 चा सीएए. यात 12 वर्षांची अट कमी झाली, मुदत संपलेली कागदपत्रंही चालू लागली. पण कायदा डिसेंबर 2019 चा आणि नियम आले 11 मार्च 2024 ला! शिवाय तो मुस्लिमांना लागू नाही, आणि 31 डिसेंबर 2014 नंतर आलेल्या कुणालाच नाही.

एप्रिल 2025

पहलगाम हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा 27 एप्रिलपासून रद्द झाले. त्या दिवसांतल्या बातम्यांनुसार राज्यात सर्वाधिक पाकिस्तानी नागरिक नागपुरात होते, सुमारे अडीच हजार. हिंदू पाकिस्तानी नागरिकांना ‘आधीच दिलेले’ एलटीव्ही वैध राहतील, असं परराष्ट्र मंत्रालयाने स्पष्ट केलं. ‘आधीच दिलेले’ हे शब्द नीट वाचा. ज्याचा अर्ज तेव्हा टेबलावरच पडून होता, त्याला त्या वाक्यात जागा नव्हती.

सप्टेंबर 2025 च्या आदेशाने 31 डिसेंबर 2024 पर्यंत आलेल्या अल्पसंख्याकांना कागदपत्रं नसल्याबद्दलच्या कारवाईतून सूट मिळाली. नागरिकत्वाची तारीख मात्र बदललेली नाही. 1 जानेवारी 2015 ला सीमा ओलांडलेल्या कुटुंबासाठी आजही तेच 7 किंवा 12 वर्षं.