मानमंदिरातील दगड आणि पितळ

दशाश्वमेधालगतच्या मानमंदिर घाटावर आंबेरच्या राजा मानसिंहाचा वाडा आहे. त्याच्या गच्चीवर चढलेला आपल्याकडील यात्रेकरू तेथील चुन्यादगडाचे जिने पाहून गोंधळतो. कारण ते जिने कोठेच जात नाहीत. ती सवाई जयसिंहाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारलेली ज्योतिषाची यंत्रे होत.

जयसिंहाने आधी पितळी यंत्रे करून पाहिली होती. त्यांचे दोष ‘झीज-इ-मुहम्मदशाही’च्या प्रस्तावनेत नमूद आहेत. यंत्र लहान, म्हणून कलांच्या रेघा कोरता येत नाहीत. आस झिजतो, डळमळतो. वर्तुळाचा मध्य सरकतो. ही तक्रार कोणत्याही लोहारास वा सुतारास परकी वाटणार नाही. फिरत्या सांध्यात थोडी मोकळीक ठेवली नाही तर तो फिरत नाही, आणि ठेवलेली मोकळीक वापराने वाढतच जाते. जयसिंहाने यंत्राचे फिरणेच काढून टाकले. दगड स्थिर; फिरावयाची ती सूर्याची छाया. शिवाय आकार वाढला. दहा फूट त्रिज्येच्या कमानीवर एक अंश सुमारे दोन इंचांचा होतो, आणि एक कला इंचाच्या तिसाव्या भागाहून किंचित मोठी. एवढी रेघ पाथरवटाची छिन्नी ओढू शकते.

त्या छिन्नीची परीक्षा सर रॉबर्ट बार्कर या इंग्रज सेनाधिकाऱ्याने १७७२ साली घेतली. मोठ्या यंत्राच्या कडेवर इंचभर व्यासाच्या लोखंडी कड्या बसविलेल्या होत्या. एका टोकाच्या कडीला डोळा लावला असता दृष्टी पुढच्या तिन्ही कड्यांतून ३८ फूट ८ इंच अंतरावरील दुसऱ्या टोकापर्यंत विनाअडथळा पोचली, असे त्याने १७७७ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. (मापात इतका चोखंदळ असलेला हा गृहस्थ काळाच्या बाबतीत मात्र शतकाहून अधिक चुकला, वेधशाळा त्याने अकबराच्या नावावर घातली!)

तथापि रेघ कितीही सूक्ष्म असली तरी छाया तशी नसते. सूर्यबिंबच अर्ध्या अंशाचे. त्यामुळे दहा फुटांवर छायेची कड सुमारे इंचभर विरते. त्या विरलेल्या पट्ट्यात नेमके कोठे बोट ठेवावयाचे, हे पाहणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून. म्हणून दिल्लीच्या वेधांची खातरजमा करण्यासाठी जयसिंहाने जयपूर, मथुरा, काशी व उज्जयिनी येथे तशीच यंत्रे बांधविली. ताळा पाहिल्यावाचून बेरीज खरी मानू नये, हे आम्हां कारकुनांस निराळे सांगावयास नको.

या कथेत आपली माणसेही आहेत. जयसिंहाच्या पदरी राहून युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ म्हणून संस्कृतात आणणारे जगन्नाथपंडित महाराष्ट्रीय होते, असे मानतात. पुढे एकोणिसाव्या शतकात याच यंत्रांचे वर्णन लिहिणारे बापूदेवशास्त्री हे काशीच्या संस्कृत महाविद्यालयातील मराठी अध्यापक.

पितळ मात्र गच्चीवरून सर्वस्वी गेले नाही. दोन दगडी खांबांमध्ये फिरणारे, दोनेक फूट व्यासाचे पितळी चक्र बार्करने पाहिले होते. तारे छाया पाडीत नाहीत. हव्या त्या ताऱ्याकडे वळविता येईल असे काहीतरी ठेवावेच लागले, आणि त्याबरोबर झिजणारा आसही.