श्रोत्याचा एक प्रश्न आणि गळ्यातील ग्रंथी

व्याख्यान आटोपले आणि श्रोत्यांतून कोणी प्रश्न विचारावयास उभा राहिला, की पुष्कळदा अध्यक्षांची नजर घड्याळाकडे वळते. पण १२ नोव्हेंबर १९३६ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरी एका श्रोत्याने असाच प्रश्न केला आणि त्यातून वैद्यकात एक नवी वाट निघाली. कार्ल कॉम्प्टन हे शास्त्रज्ञ पदार्थविज्ञानाचा वैद्यकास काय उपयोग होईल, हे सांगत होते. सॉल हर्ट्झ या तरुण डॉक्टरांनी विचारले, 'आयोडीन किरणोत्सर्गी करता येईल काय?'

या प्रश्नामागे मर्म होते. गळ्यात श्वासनलिकेला बिलगून फुलपाखराच्या आकाराची अवटु ग्रंथी असते. तिलाच आपण थायरॉइड म्हणतो. रक्तातील आयोडीन वेचून ती आपला रस तयार करते. आयोडीन कमी पडले तर ग्रंथी सुजून गलगंड होतो. तो केवळ हिमालयाच्या पायथ्याचा रोग नव्हे. पुढे मैदानी भागात जे बाधित टापू आढळले, त्यांत आपल्या औरंगाबाद जिल्ह्याचेही नाव होते. तेव्हा आयोडीनच किरणोत्सर्गी केले, तर ते आपण होऊन ग्रंथीत जाऊन बसेल आणि तिची बातमी बाहेर पाठवील, असा हर्ट्झ यांचा तर्क होता. १९३७ मध्ये सशांवर प्रयोग झाले. १९४१ मध्ये पहिल्या रुग्णास हे औषध मिळाले.

आपल्याकडे ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली आणि १९६३ मध्ये मुंबईस परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन झाले. डॉ. आर. डी. गणात्रा यांच्यासारख्या वैद्यकांनी तेथील संशोधनाला आकार दिला. १९७३ पासून तेथे डॉक्टरांना या शाखेचे पदविका-शिक्षणही मिळू लागले.

परंतु यात एक अडचण होती. ग्रंथी तपासावयाची तर रुग्णानेच परळ गाठावयास हवे. लासूर स्टेशनावर गाडीत बसून, मनमाडला गाडी बदलून मुंबईस जाणे प्रत्येकास कोठून परवडावे?

ही अडचण प्रतिपिंडांनी दूर केली. परक्या पदार्थास ओळखून त्याला चिकटणारे प्रथिन म्हणजे प्रतिपिंड. न्यूयॉर्कमध्ये सॉलोमन बर्सन आणि रोझलिन यालो यांना इन्शुलिन घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तात असे प्रतिपिंड आढळले. संपादकांना ते पटेना. १९५६ मध्ये लेख छापला गेला तो शीर्षकातील 'प्रतिपिंड' हा शब्द गाळूनच. त्याच शोधातून रक्तातील अतिसूक्ष्म रस मोजण्याची रीत निघाली. बर्सन १९७२ मध्ये वारले. यालो यांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

१९६८ मध्ये ब्रिटनमधील माइल्स आणि हेल्स यांनी खुद्द प्रतिपिंडालाच किरणोत्सर्गी खूण लावली. अवटु ग्रंथी मंदावली, की मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी तिला हाकण्यासाठी टीएसएच हा रस अधिक सोडते. परीक्षानळीच्या भिंतीवर एक प्रतिपिंड बसवितात. तो टीएसएच पकडून ठेवतो. मग आयोडीन-१२५ ची खूण लावलेला दुसरा प्रतिपिंड सोडतात. तो त्याच रसाला दुसऱ्या बाजूने धरतो. नळी धुतल्यावर जितका किरणोत्सर्ग उरेल, तितका रस रक्तात आहे असे समजावयाचे. रुग्णाच्या शरीरात काहीच घालावे लागत नाही. आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मे होते, तर १२५ ला साठ दिवस लागतात. त्यामुळे चाचणीची सामग्री दूरच्या गावी पाठविता येऊ लागली. अशी सामग्री पुढे मुंबईतच तयार होऊ लागली. माणसाऐवजी रक्ताची नळी प्रवास करू लागली.

याचे मोल सर्वांत अधिक आहे ते नवजात बालकास. जन्मतःच ही ग्रंथी निकामी असेल, तर बाळ वरकरणी धडधाकट दिसते. पण उपचारास उशीर झाल्यास बुद्धीची वाढ कायमची खुंटते. डॉ. मीना देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत केलेल्या तपासणीत सुमारे अडीच हजार बालकांमागे एकास हा दोष आढळला. तो अहवाल १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. टाचेतील थेंबभर रक्ताने दोष कळतो, आणि साध्या गोळीने मूल शहाणेसुरते वाढते. आज पुष्कळ प्रयोगशाळांत किरणोत्सर्गी खुणेऐवजी प्रकाश देणारी खूण लावतात, परंतु प्रतिपिंडाचे तत्त्व तेच आहे.

ही तपासणी अजूनही प्रत्येक प्रसूतिगृहात होत नाही. म्हणून घरी बाळ जन्मले, की आपणही हर्ट्झ यांच्यासारखा एक प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावा: 'याच्या टीएसएचची तपासणी झाली काय?'