नर्सला ‘देवी’ म्हणू नका, तिचा हक्क द्या!

सरकारी दवाखान्यात रुग्णाचे हाल झाले की पहिला राग नर्सवर निघतो. ‘सिस्टर लक्षच देत नाहीत’ असे म्हणून आपण मोकळे होतो. त्या पाळीत तिच्याकडे रुग्ण किती होते, हे कोणी विचारत नाही. इतिहास पाहिला तर खरा प्रश्न तोच आहे.

क्रिमियन युद्धातील स्कुटारीचे लष्करी इस्पितळ घ्या. फ्लॉरेन्स नाइटिंगेल तेथे नोव्हेंबर १८५४ मध्ये पोहोचल्या. तरीही फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचे प्रमाण ४२ टक्क्यांवर गेले. मार्चमध्ये सॅनिटरी कमिशन आले. तुंबलेली गटारे साफ झाली, वॉर्डांत हवा खेळू लागली आणि जूनपर्यंत हे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास आले. सेवाभाव आधीही होता. बदलली ती व्यवस्था. पण जगाला हातात दिवा घेतलेली बाई आठवते, गटार उपसणारे हात आठवत नाहीत.

भारतात यात जातीची भर पडली. रक्त, मलमूत्र, बाळंतपण यांना विटाळ मानणाऱ्या समाजात ‘प्रतिष्ठित’ घरांनी हे काम टाळले. गावोगावी ते दलित दाईंवर टाकले गेले. आधुनिक नर्सिंगमध्ये सुरुवातीला मुख्यतः ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन स्त्रिया आल्या. जात म्हणजे केवळ श्रमाची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी, असे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मांडले. डॉक्टर, नर्स, आया, सफाई कामगार ही दवाखान्यातली उतरंड पाहिली की ते आजही पटते.

१९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार देशात जेमतेम ७,००० नर्स होत्या, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. ब्रिटनमध्ये हे प्रमाण ३०० लोकांमागे एक होते. कामाचा अतिभार, अपुरा पगार, राहण्याची दुरवस्था हे सगळे समितीने तेव्हाच नोंदवले होते.

हा भार रुग्णाच्या जिवावर बेततो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. नर्समागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्यांच्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यात दिसले.

आपल्याकडे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने लहान खासगी रुग्णालयांतील नर्सनाही किमान २०,००० रुपये पगाराची शिफारस केली. केरळमध्ये २०१७ साली नर्स संघटित होऊन लढल्या, तेव्हा कुठे तिथल्या सरकारने हा आकडा मान्य केला.

१९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. तेव्हा त्यांनी मातृत्वाचे गोडवे गायले नाहीत. पगारी विश्रांतीचा हक्क मागितला. आपली वाटही तीच. तालुक्याच्या रुग्णालयात नर्सची मंजूर पदे किती, भरलेली किती, रात्रपाळीला एकीकडे किती खाटा, हे माहितीच्या अधिकारात विचारा. नर्सवर ओरडण्याआधी हा अर्ज लिहा.

जय भीम!