दिनविशेष : २५ जून
भुयारात परग्रह उभारणारा दिग्दर्शक

ब्रिटिश दिग्दर्शक नॉर्मन जे. वॉरन यांचा जन्म २५ जून १९४२ रोजी लंडनमध्ये झाला. ‘हर प्रायव्हेट हेल’ (१९६८) हा त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. पुढे हॅमर कंपनीच्या भयपटांचा बहर ओसरत असताना, मोठ्या स्टुडिओचे पाठबळ नसतानाही त्यांनी ‘सेटन्स स्लेव्ह’ (१९७६), ‘प्रे’ (१९७७) आणि ‘टेरर’ (१९७८) असे लागोपाठ भयपट काढले. ‘प्रे’चे चित्रीकरण तर जेमतेम दहा दिवसांत उरकले. तुटपुंज्या पैशांत काम निभावण्याची त्यांची हातोटी ‘इन्सेमिनॉइड’मध्ये (१९८१) दिसते. हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्सचा पैसा लागलेल्या या विज्ञान-भयपटासाठी त्यांनी कॅमेरा थेट लंडनच्या आग्नेयेकडील चिझलहर्स्टच्या भुयारांत नेला. एकेकाळी खडू आणि गारगोटीसाठी खोदलेले हे बोगदे. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बवर्षावापासून वाचण्यासाठी हजारो लंडनकरांनी तिथे रात्री काढल्या होत्या. त्याच काळोख्या वाटा पडद्यावर परग्रह म्हणून झळकल्या. ‘ब्लडी न्यू इयर’ (१९८७) हा त्यांचा उत्तरकाळातील भयपट. ११ मार्च २०२१ रोजी वॉरन यांचे निधन झाले.